डाव्या सीटचा पट्टा

ही घटना शंभर टक्के खरी आहे.

मी कधीच खोटं बोलत नाही, असं नाही. फ्रीजच्या हेल्पलाइनवर नोकरी आहे माझी. 'आमचा माणूस निघालाय' हे वाक्य मी दिवसातून चाळीस वेळा बोलतो. पण हे खरं आहे.

आधीच माफी मागतो. मध्यरात्र नव्हती. स्मशान नव्हतं. कुत्रं रडत नव्हतं. मंगळवार होता, सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती, लख्ख ऊन पडलं होतं आणि मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी नव्या गाडीत बसलो होतो.

एकटाच.

निदान माझी तरी तशी समजूत होती...

आधी ताईबद्दल सांगतो. माझी मोठी बहीण. एका लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवायची. आमच्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं. तिच्याकडे काडेपेटीएवढा एक जुना म्युझिक प्लेअर होता. गाणी फोनवर ऐकायची सोडून ही त्या डबीवर ऐकायची. पुढचं गाणं लावायचं बटण तुटलेलं, तिथे ती टाचणी खुपसायची. मला कधी इअरफोन दिला नाही. म्हणायची, तुझ्या कानात मळ आहे.

त्या मंगळवारच्या चौदा महिने आधी, अशाच एका सकाळी, ती लॅबला जायला निघाली आणि वळणावर मागून येणाऱ्या एका टेम्पोने...

एवढंच लिहितो.

तिची पर्स घरी आली. आत प्लेअर होता, एक ओरखडासुद्धा नाही. स्क्रीनवर सात नंबरचं गाणं. दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद. शेजारी दोन उभ्या रेघा.

तिने थांबवलेलं गाणं.

तो प्लेअर बंद पडला तर पुन्हा एक नंबरपासून सुरू होतो. म्हणून आम्ही तो बंद पडू दिला नाही. चौदा महिने. आई त्याला औषध द्यावं तसं दिवसाआड चार्जिंगला लावायची. बाबा वीज खात्यातून निवृत्त झालेले, जन्मभर दारोदार फिरून मीटर वाचलेले. रोज सकाळी चष्मा लावून ते प्लेअरचं रीडिंग घ्यायचे.

"सात नंबर. दोन एकेचाळीस."

स्वयंपाकघरातून आई विचारायची, "आहे ना?"

"आहे."

मग आम्ही चहा प्यायचो.

आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "दारातून परत वळली हो माझी पोर. गाणं थांबवून मला 'येते' म्हणाली."

मी मान खाली घालून ऐकायचो.

कारण गाणं तिने आईसाठी थांबवलंच नव्हतं.

माझ्यासाठी थांबवलं होतं. मी पांघरुणात होतो. ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली, एका कानातला इअरफोन काढला आणि म्हणाली, "स्कूटरवर सोडतोस का रे लॅबपर्यंत? उशीर झालाय."

मी डोकंही बाहेर काढलं नाही. म्हणालो, "एखादी कवळी हातात घेऊन पळत जा. लोक आपोआप वाट देतील."

ती थोडा वेळ तशीच थांबली. मग म्हणाली, "संध्याकाळी बघते तुझ्याकडे."

विनोद बरा होता. अजून वाटतं, बरा होता. म्हणूनच कोणाला सांगता आला नाही.

पुढे सहा महिन्यांनी मी स्कूटर विकून गाडी घेतली. ज्याने सहा मिनिटांवर सोडायला नको म्हटलं, त्याने पाच सीटची गाडी घेतली. घरात कोणी काही विचारलं नाही.

गाडी फार हुशार आहे. डाव्या सीटवर कोणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की टिंग-टिंग सुरू करते. एकदा कलिंगड ठेवलं होतं तर त्यालाही सोडलं नाही. शेवटी बाबांनी कलिंगडाला पट्टा लावला, तेव्हा गप्प बसली. रिकाम्या सीटला मात्र ती कधी वाजत नाही.

हे लक्षात ठेवा.

त्या मंगळवारी प्लेअरच्या चार्जरने मान टाकली. वायर ठीक होती, पण जुनी, रुंद तोंडाची. घरातले बाकीचे चार्जर सगळे बारीक तोंडाचे. स्क्रीनवर बॅटरीची शेवटची काडी लुकलुकत होती. मी म्हटलं, गाडीत रुंद भोक आहे, जाता जाता चार्ज करतो. आईने प्लेअर रुमालात गुंडाळून दिला. "हळू ने. रस्ता खराब आहे," म्हणाली.

गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी केली. वायर लावली.

रोज चाळीस जणांना 'आधी प्लग नीट लावा' सांगणारा माणूस मी. प्लग अगदी नीट लावला.

आणि गाडीने आपणहून गाणं सुरू केलं.

विचारलं नाही, काही नाही. स्क्रीनवर 'नवीन डिव्हाइस' असं आलं आणि ढोलकीसकट एक नंबरचं गाणं.

मी वायर उपटली. प्लेअर पाहिला.

एक नंबर. चार सेकंद.

दोन एकेचाळीस गेलं होतं...

चौदा महिने आम्ही तिघांनी ओंजळीत धरलेलं पाणी, मी चार सेकंदात सांडलं होतं. पहिल्यांदा तिला नाही म्हणालो, आणि आता हे.

मग मी तेच केलं, जे माझ्यासारखा माणूस करतो. पुरावा बनवायला बसलो. वायर परत लावली, गाडीच्या स्क्रीनवर सात नंबर शोधला आणि चालू केला. ठरवलं, दोन एकेचाळीसला बरोबर थांबवायचं. बाबांना रीडिंग मिळेल, आईला तिच्या दोन रेघा मिळतील. कोणाला कळणार होतं?

ते गाणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. कुणी एक बाई साध्या आवाजात गात होती.

दोन पंचवीस... मी बोट स्क्रीनजवळ नेलं.

दोन छत्तीस...

दोन चाळीस...

गाणं थांबलं.

मी हात लावला नव्हता.

स्क्रीनवर दोन एकेचाळीस. दोन उभ्या रेघा.

मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. दोन सेकंद.

मग...

टिंग. टिंग. टिंग.

डॅशबोर्डवर डाव्या सीटच्या माणसाचं लाल चित्र पेटलं होतं.

सीट रिकामी होती. बॅग मागे होती, रुमाल माझ्या मांडीवर. मी सीटवर हात फिरवला. काही नाही. उन्हात उभ्या गाडीची सीट, पण गार लागली.

टिंग. टिंग.

डाव्या दाराच्या स्पीकरमधून बारीक आवाज येत होता. गाण्याचा नव्हे. कानातला इअरफोन काढून हातात धरला, की कोणी समोर उभं असल्याचा येतो ना... तसा. श्वास घेऊन उत्तराची वाट बघणारं कोणीतरी.

घड्याळात आठ दहा.

ती याच वेळेला निघायची.

मला पळायचं होतं. पण या माणसाला मी एकदा थांबवून ठेवून 'नाही' म्हणालो होतो.

"बस," मी म्हणालो. "सोडतो."

पट्टा ओढला, रिकाम्या सीटवरून आणला आणि अडकवला. टिंग-टिंग बंद झाली.

पट्टा सीटला टेकला नाही.

वीतभर अंतर ठेवून, हवेत, फुगीर राहिला. कोणाच्या तरी अंगावरून गेल्यासारखा.

मी गाडी चालवली. इतकी हळू, की एक सायकलवाले आजोबा पुढे गेले आणि वळून बघून गेले. वळणाशी आलो. तिथे तो पट्टा एकदम ताठ झाला, कचकन अडकला. आतलं माणूस दचकून पुढे झुकलं की होतो तसा.

"मी आहे," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही. विनोद तर अजिबातच नाही.

पट्टा हळूहळू सैल झाला.

लॅबच्या गेटसमोर गाडी उभी केली. आत पांढरे कोट घातलेली माणसं दात घासत होती, स्वतःचे नव्हे, लोकांचे.

आणि गाणं पुढे सुरू झालं. दोन बेचाळीस... दोन त्रेचाळीस... फक्त डाव्या स्पीकरमधून.

पट्टा अलगद खाली आला आणि सीटला टेकला.

पुढे काही विशेष नव्हतं हो त्या गाण्यात. तेच धृपद, दोनदा. चौदा महिने आम्ही जपून ठेवलं ते हे. आवाज अठरावर होता, आकडा बदलला नाही, तरी गाणं बारीक होत गेलं. कोणी ते कानाला लावून फाटकातून आत चालत जावं तसं. शेवटचे काही सेकंद मला ऐकूच आले नाहीत.

मग प्लेअरची स्क्रीन काळी झाली.

मी ऑफिसला गेलो नाही. घरी आलो. बाबांनी हात पुढे केला. चष्मा लावला, उजेडाला धरून बघितलं, पुन्हा बघितलं. मीटर वाचायला गेल्यावर दाराला कुलूप असलं की ते वहीत जे लिहायचे, तेच हळू आवाजात म्हणाले.

"घर बंद."

आईने काही विचारलं नाही. त्यामुळे मला सांगावंच लागलं. पांघरूण, स्कूटर, कवळी, सगळं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

आई म्हणाली, "माहितीये. मधल्या खोलीत होते मी. ऐकलं होतं."

"मग तुझ्यासाठी थांबवलं असं का सांगत होतीस सगळ्यांना?"

"तुला बोलवत नव्हतं ना. मग मीच घेतलं अंगावर."

मग तिने विचारलं, "आज सोडलंस तिला?"

"गेटपर्यंत."

"हळू चालवलीस?"

"हळू."

आईने घड्याळाकडे पाहिलं. "सहाला सुटते ती," म्हणाली.

याला पाच महिने झाले. प्लेअर पुन्हा सुरू झाला नाही. गाडी दोनदा दाखवली. मेकॅनिक म्हणाला, सेन्सर उत्तम आहे.

रोज सकाळी आठ दहाला, गल्लीच्या तोंडाशी, रिकामी सीट वाजते. मी पट्टा लावतो. लॅबच्या गेटशी तो सैल होतो.

आणि रोज संध्याकाळी सहाला मी त्याच गेटसमोर थांबतो. डाव्या दाराचं लॉक उघडं ठेवून. कवळीवाल्या सगळ्या मुली बाहेर पडतात, वॉचमन कुलूप लावतो. 'संध्याकाळी बघते तुझ्याकडे' म्हणाली होती...

टिंग होत नाही.

एकदाच झाली. मी मान वळवली तर सीटवर माझीच बॅग होती. तिला पट्टा लावून घरी आणलं.

बाबा दारातच विचारतात, "आली?"

"नाही."

ते मान हलवतात, रीडिंग लिहून घ्यावं तशी.

परवा रात्री मला झोप लागली नाही. एक साधी गोष्ट डोक्यात आली होती. मी तिला रोज सोडतो. ती परत येत नाही. एकदाही नाही. मग रोज सकाळी आमच्या घरातून कोण निघतं...?

सकाळी आईला विचारलं. ती गॅसपाशी उभी होती, माझ्याकडे पाठ करून.

"नसत्या शंका काढू नकोस," ती म्हणाली. "गाडी काढ. उशीर होतोय तिला."