एका पोटची दोन कोकरं

देजिद तिकडच्या रीतीप्रमाणे चहात मीठ टाकत होत्या. तेवढ्यात नोर्जिन दार ढकलून आत आली. तिचा आवाज पार बसला होता.

"ताई, मला चोर म्हणताहेत."

देजिद पूर्वी पोलिसात होत्या. नोकरी संपली तरी गोबी वाळवंटाच्या त्या काठावर कुणाचा घोडा हरवला, मेंढी पळवली, की माणसं त्यांच्याकडेच येत. सोबत असे धाकटा दीर लोदोई. मनाने चांगला, पण त्याची जीभ पुढे धावायची आणि डोकं मागून रखडत यायचं.

विधवा नोर्जिनचा तंबू खांडा आणि दाम्बा या जोडप्याच्या तंबूशेजारी होता. सकाळी तिची मेंढी जुळी व्याली. एक कोकरू बुटाएवढं, दुसरं मुठीएवढं. आणि खांडाचं परवा जन्मलेलं कोकरू आज पहाटेपासून गायब.

"खांडा म्हणते, मोठं तिचंच. एका आईला अशी दोन होतच नाहीत म्हणे."

"हे आधी कोण बोललं?"

नोर्जिनने लोदोईकडे पाहिलं. त्याचा घास तोंडातच राहिला.

"सकाळी खांडाकडे चहाला गेलो होतो, वहिनी. गमतीत बोलून गेलो."

"छान. तुमच्या गमतीपायी उद्या हिच्या शेजारी कुणी तंबू टाकणार नाही. एकटीने कळप कसा राखायचा हिने?"



तिघं टेकडीपलीकडे त्या दोन तंबूंपाशी पोचली तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. खांडा कमरेवर हात ठेवून उभीच होती.

"बघा, ताई! हा बैल आणि हा उंदीर. भावंडं म्हणे!"

मेंढी मोठ्याला चाटत होती. छोटं जवळ आलं की ढुशी मारत होती.

"नोर्जिन, आवाज कशाने बसला?"

"छोट्यासाठी गात होते. आई त्याला घेतच नाही. गाणं ऐकून मेंढी नको असलेलं पिल्लूही जवळ करते, पण ही ऐकेना."

देजिदनी दोन्ही कोकरं उलटी करून पोट आणि खूर चाचपले. "भावोजी, तुम्हीही हात लावा." लोदोईने लावला. दोघांची नाळ ओली होती, खुरांचे तळवे पिवळे, दह्यासारखे मऊ. 

"खांडा, तुझी मेंढी कोकरासाठी ओरडत असेल ना?"

"छे! देवमाणूस आहे ती. आमच्या पोरक्या कोकराला सकाळीच जवळ केलं. तिच्यासाठी गाणंसुद्धा गावं लागलं नाही."

ते पोरकं कोकरू तिला पीत होतं. अंगावर नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा जाड अंगरखा होता. पाजताना मेंढी त्याची शेपटी हुंगत होती.

"पहाटेची राखण कुणाची?"

"माझी," दाम्बा म्हणाला. "काही दिसलं नाही."

"आणि या उन्हात कोकराला अंगरखा?"

"गारठेल म्हणून."

देजिदनी सगळ्यांना बसवलं.

"खांडा, तुझं कोकरू परवाचं. त्याची नाळ सुकली असती, खूर टणक झाले असते. ही दोन्ही आजची. मोठं परकं असतं तर आईने त्यालाच ढकललं असतं; तिने ढकललं छोट्याला. पोटात एकाला जागा आणि पोषण जास्त मिळालं, एकाला कमी. एवढंच."

"मग माझं कुठंय?"

"परकं कोकरू गाण्यावाचून घेणारी मेंढी कुणी पाहिलीय? तिने परकं घेतलंच नाही. तिला स्वतःच्याच पिल्लाचा वास येतोय."

त्यांनी अंगरख्याची गाठ सोडली. खाली आणखी एक कातडं होतं, मेलेल्या कोकराचं, नीट बांधलेलं.

दाम्बाने मान खाली घातली. "शेगडीपाशी डोळा लागला. ते बाहेर गेलं... उचललं तेव्हा गारठून लाकूड झालं होतं. दूध वाया जाऊ नये म्हणून त्याचं कातडं पोरक्यावर चढवलं. सांगणारच होतो हिला. तेवढ्यात लोदोई ते बोलला, ही तिकडे धावली, आणि मी... मी गप्प बसलो."

खांडाने नवऱ्याला एक शिवी हासडली. पण अर्ध्यातच तिचा आवाज विरला. नोर्जिनच्या डोळ्यांना डोळा देणं तिला जमेना. ती अंगरख्याची गाठच पुन्हा बांधत राहिली.

"चला, भावोजी," देजिद म्हणाल्या.

लोदोई निघाला नाही. तो नोर्जिनच्या मेंढीपाशी गुडघे टेकून बसला. मुठीएवढं कोकरू त्याने तिच्या कासेला लावलं, आणि "तोइग, तोइग" असं मेंढीला वळवायचं गाणं गाऊ लागला. त्याचा आवाज फाटका होता, सूर कुठल्या कुठे. एरवी नोर्जिन हसली असती. आता ती फक्त बघत होती.

ऊन कललं. मेंढीने ढुशा मारल्या, तो गात राहिला. घसा बसला, तरी गात राहिला.

शेवटी मेंढीने मान वळवून छोट्याला हुंगलं.

लोदोईने वर पाहिलं.  नोर्जिनने मेंढीची दुसरी बाजू धरली.