बारा दहाची सावली

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी प्रणाली लकडगंजातल्या एका लाकडाच्या वखारीत शिरली, तेव्हा ओढणी तोंडाभोवती अशी घट्ट गुंडाळलेली होती की दिसत होते फक्त डोळे.

"मले एक मीटरची काठी पाहिजे. एकदम सरळ."

"एकदम म्हणजे किती सरळ, मॅडम?" तिथल्या तरुणानं विचारलं.

"सूर्याले चूक काढता येऊ नये, एवढी."

तो हसला. चेतन त्याचं नाव. वखार त्याच्या वडिलांची. त्यानं स्वतः सागवानाची पट्टी रंध्याखाली घेतली. भुसा त्याच्या पापण्यांवर बसला... आणि प्रणाली काठीऐवजी पापण्याच पाहत राहिली.

"काहून पाहिजे काठी?"

प्रताप नगरात ती मुलांचं उन्हाळी शिबिर घेत होती, खगोलशास्त्राचं. "आपली पृथ्वी कललेली आहे ना, म्हणून दुपारीही सूर्य जरा दक्षिणेलाच असतो. मे महिन्यात रोज थोडा वर सरकतो. सव्वीस तारखेला आपल्या शहरात, बारा वाजून दहा मिनिटांनी, बरोब्बर डोक्यावर! उभ्या काठीची सावलीच पडत नाही."

"मग मी बी मोजतो इथं. दोन जागी मोजलेलं बरं राहते ना?"

फोन नंबर मागायची इतकी सरळ तऱ्हा तिनं आजवर पाहिली नव्हती. तिनं दिला.

रोज बारा दहाला त्याच्या काठीच्या सावलीचा मेसेज यायचा. एक मे, अकरा सेंटीमीटर. दहा मे, सहा. आकड्यांमागून प्रश्न येऊ लागले. शुक्र ग्रह आहे, तर लोक तारा काहून म्हणतात? सूर्य खरंच तारा आहे?

"आहे. जवळचा, म्हणून एवढा मोठा दिसतो. त्याचा उजेड इथं यायला आठ मिनिटं लागतात."

"मले लकडगंजहून प्रताप नगरले यायला अर्धा तास लागते," त्याचं उत्तर आलं. प्रणाली एकटीच हसत बसली.

चौदा मेला सकाळपासून आभाळ भरून होतं. तरी बारा दहाला मेसेज आला — साडेचार.

तिनं फोन लावला. "आज ऊनच नव्हतं. साडेचार कुठून आणले?"

"काल पाच होते, म्हणून... अंदाजानं. नाहीतर मेसेज कसा केला असता?"

"जे दिसलं तेच लिहायचं, हे मी मुलांना रोज सांगते. आता तुमचे बाकीचे आकडे तरी कसे मानू?"

तिनं फोन ठेवला. पुढचे बारा दिवस मेसेज आला नाही. रोज बारा दहाला तिचा हात मात्र फोनकडे जायचा... आणि तिला स्वतःचाच राग यायचा.

सव्वीस मेला शिबिराच्या मैदानात पोरं काठीभोवती दाटली होती. ऊन नुसतं पोळत होतं. बारा वाजता चेतन घामाघूम होऊन आला आणि एक वही तिच्यासमोर धरली. चौदा तारखेसमोर लिहिलं होतं : 'ढग. सावली नाही. आकडा खोटा लिहिला होता.' त्यापुढे कालपर्यंतचे सगळे दिवस भरलेले.

"रोज मोजली. पाठवायची हिंमत नाही झाली."

तिनं आपली वही शेजारी ठेवली. एखाद-दोन मिलिमीटरचा फरक, बस! डोळे उगाच भरून आले.

"मॅडम, गेली! सावली गेली!" पोरं नाचू लागली.

त्या गलक्यात चेतन हळूच म्हणाला, "खरं सांगू? मले सूर्याचं एवढं काही नव्हतं. तुमचा मेसेज येते की नाही, याचंच होतं. आता... आवड दोन्हीची लागली."

प्रणालीचे कान तापले, आणि ते उन्हानं नव्हे.

"सूर्य परत कधी येते असा डोक्यावर?" त्यानं विचारलं.

"जुलैत. परतताना. पण तेव्हा ढग असतात, काही दिसत नाही."

"मग मी काय निमित्त काढून येऊ?"

"जुलैपर्यंत काहून थांबता?" ती वही मिटत म्हणाली. "रविवारी उमरेडले या, गावाकडच्या आमच्या घरी. बाबा घरीच असतात. आणि — तुमच्या आईले घेऊन या."