सारवलेल्या अंगणातली पावलं

नेकनूरच्या स्टँडवर सायली बसची वाट बघत उभी होती, आणि तिच्या चपलेवर काहीतरी गरम, मऊ येऊन बसलं. बघते तर काय — काळं कुळकुळीत पिल्लू! मागोमाग त्याचा मालक धावत आला. बिभीषण. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा. हाताला ग्रीस, आणि डोळे असे, की बस कधी निघून गेली ते सायलीला कळलंच नाही.

ती गावच्या दवाखान्यात नुकतीच लागलेली नर्स. भाड्याच्या जुन्या घरात एकटी. दिवस कलला की ते घर तिच्याकडे टक लावून बघतंय असं वाटायचं. म्हणून तिनं पिल्लू मागितलंच. तो म्हणाला, घर बघितल्याबिगर देत न्हाई. गेल्या साली एकाला दिलेलं, ते आठ दिवसांत उंदराचं औषध खाऊन मेलं.

"पोरगी बघायला येतात तसं घर बघायला येणार का?"

"पोरगी तर बघूनच झाली," तो बोलून गेला, आणि त्याचे कान लाल झाले.

तो तीनदा आला. उंदराचं औषध, धान्यातल्या गोळ्या बाहेर काढायला लावल्या. दारातली कण्हेर उपटली, हौदावर जाळी टाकली, वायरी वर बांधल्या, फाटकाखालची फट विटांनी बुजवली. दर वेळी जाताना आणखी एक खोट काढायचा... आणि सायलीला ती खोट लई आवडायची.

चौथ्या दिवशी तो शेवटचं बघून जाणार होता, म्हणून तिनं अंगण शेणानं सारवलं. फाटक आतून लावलेलं. चहा पिऊन बाहेर आली, तर ओल्या सारवणावर पावलं. इवली इवली. उंबऱ्यापासून अंगणाच्या मधोमध — आणि तिथंच संपलेली. परतीची नव्हती.

बिभीषण आला, तेव्हा ती म्हणाली, मांजर असेल. तो खाली बसून बघत राहिला.

"मांजर नखं आत घेऊन चालतं. हितं नखं उमटलीत."

वारा नव्हता. तरी दाराची कडी हलत होती...

"या घरात पिल्लू न्हाई देता येणार," तो हळूच म्हणाला.

पिल्लू नाही, म्हणजे तोही येणार नाही.

"ते भीती घालत नसेल," ती म्हणाली. "काहीतरी दाखवत असेल. बघा तरी."

त्यानं पहार आणली. शेवटच्या पावलाजवळ मारली, तर आवाज पोकळ. दुसऱ्या घावाला जमीनच खचली. सायलीनं मागून शर्ट धरला म्हणून तो वाचला. खाली पेव होतं, पूर्वी ज्वारी साठवायचं, दोन पुरुष खोल. वर कुजलेली फळी आणि नुसती माती. आतून गार, कुबट हवा आली, कुणी श्वास सोडावा तशी. त्यानं मोबाइलचा उजेड आत टाकला. बराच वेळ बघितलं. तळाशी इवलीशी हाडं होती, कुत्र्याच्या पिल्लाची. त्यानं भाकरी मागितली, आणि एक तुकडा हळूच आत सोडला.

दुसऱ्या दिवशी दोन ट्रॉल्या मुरूम टाकून पेव बुजवलं. त्याच संध्याकाळी पिल्लू घरी आलं.

बिभीषण फाटकाशी रेंगाळला.

"घरात आता कायबी धोका न्हाई. मग... मी आता कशापायी यायचं?"

"तुमच्यासाठी काय काय काढून ठेवू, ते सांगा की."

"ते 'तुम्ही' तेवढं काढा."

सायलीनं फाटक उघडलं.

"बिभीषण... आत ये."

तो आत आला. अंगणात पिल्लू जुन्या फडक्याचं टोक दातात धरून ओढत होतं, लाडानं गुरगुरत. फडक्याचं दुसरं टोक जमिनीपासून वीतभर वर, ताठ होतं. तिकडे कुणीच नव्हतं.

बिभीषणनं सायलीचा हात धरला. तिनं सोडवला नाही.

"दुधाच्या वाट्या दोन मांडू," ती कुजबुजली.