ओल्या खडूची फुली

वर्षअखेरीची तपासणी म्हटली की बाकीच्या धंदेवाल्यांच्या पोटात गोळा येतो. या पंख्यांच्या कारखान्यात मात्र त्या दिवशी मौज असायची. कारखाना म्हणजे तरी काय, पत्र्याखालची एक लांबट खोली, तारेची वेटोळी, रंगाचा वास आणि भिंतीलगत ओळीने मांडलेले हिरवे टेबलपंखे. हिशेब तपासनीस आला की तयार माल एकेक करून चालू करायचा. फिरला तो शिलकेत. नाही फिरला त्याच्या पाठीवर खडूची फुली, आणि फुलीवाला त्याच दिवशी भंगारात. तपासनीस टिपून घेत मागून चालायचा. बसायचा म्हणून नाही, कशाला टेकायचासुद्धा नाही. बसलेल्या तपासनीसाला लोक चहा पाजून गुंगवतात, असं त्याचं पक्कं मत होतं.

फुली मारायचं काम थोरल्या भावाचं. त्याला एक खोड होती, खडू आधी जिभेला लावायचा. ओली फुली पुसता पुसली जात नाही, म्हणायचा. "दादाच्या पोटात एव्हाना अख्खी शाळा भरली असेल," असं धाकटा चिडवायचा.

गेल्या वर्षी थोरला वाकून एका पंख्याची तार बघत होता. धाकट्याने त्याचा खडू उचलला, जिभेला लावला आणि दादाच्या पाठीवर ही मोठी फुली ओढली. "साहेब, हाही आता फिरत नाही. घ्या लिहून!"

"घेतलं!" तपासनीस म्हणाला. "नग एक!" आणि असा हसला, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

सगळेच हसले. थोरल्याला कुणीच काही सांगितलं नाही. दिवसभर तो पाठीवर फुली घेऊन हिंडला, गिऱ्हाइकांशी बोलला, दुकानात जाऊन आला. घरी बायकोने सदरा उतरवला तेव्हा कळलं. त्यानंतर तो कारखान्यात आला नाही. महिना उलटायच्या आत गेलाच.

यंदा धाकटा एकटा मालक. कारखाना विकायला काढलेला. घेणारा उद्या यायचा होता, आणि त्याला सगळं फिरतं दिसायला हवं होतं. खडू त्याने हद्दपार केला होता. निकामी मालासाठी लाल चिकटपट्ट्या आणल्या होत्या. कोपऱ्यात त्याची वहिनी, थोरल्याची बायको, पंख्यांच्या दांड्यांना काळं ग्रीस चोपडत होती. धाकट्याने तिला 'घरचीच' म्हणून कामाला ठेवलं होतं. पगारही घरच्यासारखाच, कधीमधी.

पहिली रांग झकास फिरली. दुसऱ्या रांगेतल्या एका पंख्यापाशी तपासनीस थबकला. पंखा फिरत होता आणि पाठीवर पांढरी फुली होती.

"शेठ, हा तर चालतोय. फुली कुणी मारली?"

"जुनी असेल, साहेब." धाकट्याने अंगठ्याने पुसली. अंगठा ओला झाला. तो विजारीला पुसतोय तोवर पंखा गचका देऊन थांबला.

पुढे तार गुंडाळायचं यंत्र. चांगलं घरघरत होतं. त्याच्या कडेला फुली, तीही ओली. घरघर खाली खाली येत गेली आणि बंद पडली. मग तपासनीसाने वर पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर फुली होती. तिथवर शिडीशिवाय हात पोचला नसता, आणि शिडी बाहेर उन्हात पडलेली. सेकंदकाटा जागच्या जागी थरथरला. मग गप्प झाला.

तपासनीस हिशेबी माणूस. फुली आहे म्हणजे हात आहे, एवढं त्याला कळत होतं. तो सरळ कोपऱ्यात गेला.

"बाई, खडू कुठाय?"

तिने दोन्ही हात पुढे केले. मनगटापर्यंत काळं ग्रीस. पांढरा कण नाही.

"खडू त्यांच्याबरोबर गेला, साहेब. सदऱ्याच्या खिशात होता. शेवटचं नेताना सदराही तोच घातला होता. कितीदा धुतला, फुली काही जाईना."

"वहिनी, तोंड आवरा!"

"आवरते, भावजी. पण फुलीवालं ठेवून घेत नाहीत, हा नियम तुमच्याच घरातला."

धाकट्याचा चेहरा उतरला. तो खुर्चीत धपकन बसला आणि मागे रेलला. "साहेब, तुम्ही सगळं चालू आहे म्हणून लिहा. रातोरात दुरुस्त करून घेतो. उद्याचा दिवस फक्त निभावून न्या." मग उसनं अवसान आणून उठला आणि शेवटच्या रांगेकडे निघाला.

त्याच्या पाठीवर फुली होती.

तपासनीसाने खुर्चीच्या पाठीवरून बोट फिरवलं. काळं रेक्झिन. स्वच्छ, कोरडं.

त्याने तोंड उघडलं. वहिनी त्याच्याकडे बघत होती. नुसती बघत होती.

"काय झालं?" धाकट्याने मान वळवून विचारलं.

"काही नाही," तपासनीस म्हणाला.

गेल्या वर्षीही कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटचा पंखा भन्नाट फिरला. धाकटा वाऱ्यापुढे उभा राहून हसला. "बघा! आहे का कुठे फुली?" मग म्हणाला, "जरा बसतो," आणि खोक्यावर टेकला.

हसू तोंडावर तसंच राहिलं. केस वाऱ्याने उडत राहिले.

वहिनीने उठून पंखा बंद केला.

केस खाली बसले.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "घेतलं का लिहून?"

डॉक्टर आले, हृदय म्हणाले, सही करून गेले. तपासनीस घरी पोचला तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. तो दारात वाकून बूट काढत होता. मागून बायकोचा आवाज आला.

"अहो, कुठे टेकला होतात? पाठीला पांढरं लागलंय."

तो कुठेच टेकला नव्हता.

"थांबा, झटकते." तिचा हात त्याच्या पाठीवर आला आणि तिथेच थांबला.

"अगंबाई, ओलं आहे हे."