न उतरलेला बावटा

मार्च १९४२. आइसलंडहून बावीस मालवाहू जहाजं रशियातल्या मुर्मान्स्क बंदरात न्यायची, पोटात रणगाडे आणि पीठ, हीच आमची कामगिरी. ताफ्याचे म्होरके गार्स्टिनसाहेब, निवृत्त व्हाइस ॲडमिरल, वय चौसष्ट. लढाई पेटताच त्यांनी खालचा हुद्दा मागून घेतला आणि 'कॉर्ब्रिज' या जुनाट बोटीवर येऊन बसले. मी पेनहेल, त्यांचा बावटेवाला.

साहेबांचं डोकं सतत तापलेलं असे. सोबतच्या लढाऊ नौका त्यांच्या हाताखाली नव्हत्याच. त्यांचा प्रमुख साहेबांकडेच शिकलेला एक तरणा कमांडर, आणि तोच आता दिव्यांच्या खुणांनी यांना वेग वाढवायला सांगायचा. मग राग निघे मालवाहू कप्तानांवर. निघण्याआधी साहेबांनी त्यांच्याकडून नौदलाचा नियम घोटून घेतला होता: बावटा चढला की हुकूम वाचायचा, बावटा उतरला की वळायचं. तोवर सुकाणूला हात लावायचा नाही. मेंढरांना पलटणीची कवायत शिकवताहेत, असं आमच्या बोटीचे कप्तान प्यू साहेबांच्या माघारी हसत म्हणत.

सहाव्या दिवशी दुपारी धुकं फाटलं आणि समोर बर्फ! जेमतेम मैलभरावर, डावीकडे नजर पोचेल तिथपर्यंत पसरलेला.

साहेबांनी उजवीकडे वळण्याचा हुकूम दिला. मी बावटे चढवले. सगळ्या जहाजांनी समजल्याची खूण केली. बावटे उतरवायला मी दोरी ओढली. हलेना! लाटांच्या तुषारांनी ती कप्पीतच गोठली होती. भोंगा वाजेना, त्याच्या नळीत बर्फ. शत्रूच्या पाणबुड्या ऐकत असल्यानं बिनतारी यंत्र बंद. एकेका जहाजाला दिव्यानं कळवायला वेळ कुठला? आणि सगळी जहाजं आमच्या बावट्याकडे बघत सरळ पुढे निघालेली!

"साहेब, आपण वळू या," प्यू म्हणाले. "बाकीचे येतील मागून."

"बावटा वर असताना? एकमेकांवर आदळतील ते."

"आणि आता काय बर्फावर आदळवायचंय?"

साहेबांनी वर अडकलेल्या बावट्याकडे पाहिलं. १९१६ साली उत्तर समुद्रातल्या लढाईत त्यांची विनाशिका शत्रूच्या ऐन वाटेत होती. सेनापतीच्या जहाजावरचा बावटा धुरात उतरलाच नाही, आणि साहेब वाट बघत राहिले. शत्रू निसटला. कुणी त्यांना दोषी ठरवलं नाही, पण लढाऊ ताफाही पुन्हा दिला नाही. पुढची वीस वर्षं गोद्या आणि कोठारं सांभाळण्यात गेली.

"वळवा," ते म्हणाले.

'कॉर्ब्रिज' कलली. मी सुरी दातांत धरून डोलकाठीवर चढलो. खाली जहाजं गोंधळली, एकमेकांना घासत आली, पण वळली! हात बधिर झाले होते. दोरी कापली. बावटे पडले. पण टोकाची 'आर्डमोर' सरळच गेली होती. तिचा कप्तान ट्युलक आमच्यातला सर्वांत आज्ञाधारक माणूस. बर्फावर आदळून तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, फुटली, आणि तासाभरात तीन हजार टन पीठ घेऊन ती बुडाली. माणसं तेवढी सगळी वाचली.

मुर्मान्स्कला ट्युलक टोपी चुरगाळत साहेबांसमोर उभा राहिला. बावटा उतरला नव्हता, एवढंच म्हणाला. तिकडे कमांडरनं अहवालात सारा ठपका त्याच्यावर ठेवून दिलेला. आता त्याचा परवाना जाणार होता.

साहेबांनी मला बसवून आपला अहवाल लिहून घ्यायला सांगितला: जहाज माझ्या नियमामुळे आणि मी वेळ लावल्यामुळे गेलं, ट्युलकचा दोष नाही.

"हे पाठवलंत तर पुढचा ताफा विसरा," प्यू म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

"ठाऊक आहे. त्याला अजून तीस वर्षं बोटी चालवायच्यात. लिही, पेनहेल."

मी लिहिलं. इतका संताप मला कधी आला नव्हता, पण कुणावर काढायचा तेच कळेना. सहा आठवड्यांत ट्युलकला नवं जहाज मिळालं. साहेबांना ताफा मिळाला नाही.