घाटातला वाढपी

मे महिन्यात परतवाड्याच्या स्टँडवर दुपारी पारा पन्नासच्या वर जायचा, आणि त्याचं कुणाला फारसं काही वाटेनासं झालं होतं. माणूस कशालाही सरावतो म्हणा. अकरा ते पाच या वेळेला सगळेच ‘झळवेळ’ म्हणत. झळवेळेत थंड हवा नसलेल्या गाडीतून प्रवासी न्यायला बंदी होती. सपाटीवर ठीक होतं, पण चिखलदऱ्याच्या घाटात थंड हवा आणि चढण या दोन्ही गोष्टी एकाच गाडीला झेपत नव्हत्या. बॅटरीवरच्या गाड्या त्या उन्हात मान टाकत, म्हणून हायड्रोजन जाळणारी इंजिनं आली, तर ती अर्ध्या घाटात उकळत. गेल्या वर्षी अशी एक गाडी वळणावर बंद पडली आणि आतल्या चौघांना सलाइन लावावं लागलं. तेव्हापासून दुपारची गाडी बंदच होती. वरच्या गावात दुपारी कुणाच्या छातीत दुखायला लागलं, तर त्यानं संध्याकाळपर्यंत कळ काढायची.

ही गाडी पुन्हा सुरू करायचं काम ऋजुता तायडेकडे होतं. पोर परतवाड्याचीच. पुण्यात गाड्यांच्या जाळ्या, म्हणजे रेडिएटर, बनवणाऱ्या एका कंपनीत ती इंजिनियर होती. आज तिच्या नव्या जाळीची शेवटची चाचणी होती. वर पोचल्यावर तिनं सही केली की सोमवारपासून गाडी चालू, नाहीतर कायमची बंद.

आदल्या दिवशी तिनं आईला, चंद्रकलाबाईंना, सगळं समजावून सांगितलं होतं. आई लग्नाकार्यात स्वयंपाक करायची. चाळीस माणसांपासून हजारापर्यंत कितीही पानं असोत, भट्टीसमोर तीच. परातीत कणीक तिंबता तिंबता ती ऐकत होती.

“आई, उष्णता संपवता येत नाही. नुसती इथून उचलून तिथे टाकता येते. गाडी थंड करायची म्हणजे आतली उष्णता बाहेर फेकायची. इंजिनाचीही बाहेरच फेकायची. त्यासाठी गाडीच्या नाकाशी जाळ्या असतात, नळ्या आणि पत्र्याचे पातळ पापुद्रे. वारा त्यांतून गेला की उष्णता घेऊन जातो.”

“मंग वारा तर फुकटच हाये.”

“फुकट आहे, पण थंड कुठे आहे? पूर्वी दोन जाळ्या असायच्या, एकीमागे एक. पुढच्या जाळीतून एसीची उष्णता बाहेर पडायची आणि तोच तापलेला वारा मागे इंजिनाच्या जाळीवर जायचा. बाहेर पस्तीस असताना हे खपून जात होतं. पन्नासात नाही खपत. म्हणून मी दोन्हींची मिळून एकच जाळी केली. एक नळी इंजिनाची, एक एसीची, अशा आलटून पालटून. मधल्या पापुद्र्यांना बारीक चिरा दिल्या, म्हणजे इंजिनाची धग एसीच्या नळीत झिरपत नाही. आणि कुठल्या क्षणी किती नळ्या कुणाच्या, ते एक छोटं यंत्र ठरवतं. चढणीला इंजिनाला जास्त, सपाटीला माणसांना जास्त.”

“म्हंजे वाढपी झाला तो,” आई म्हणाली. “पंगतीतला.”

ऋजुताला हसू आलं. कारखान्यातही त्याला वाढपीच म्हणत. तिनंच ते नाव पाडलं होतं, आणि तो शब्द आपल्याच घरचा, हे तिला तेव्हा जाणवलंही नव्हतं.

“आणि घाटात माणसायले कमी पडलं तं?”

खरी गंमत इथेच होती. ऋजुताला तिचा अभिमानही होता. चढणीवर माणसांच्या वाट्याला जे उरे ते सगळ्यांना सारखं वाटलं, तर म्हातारे, आजारी, नाजूक लोक धोक्याच्या रेषेपार जात. मग तिनं शोधून काढलं की सगळी शरीरं सारखी नसतात. उन्हात राबलेलं शरीर घाम लवकर सोडतं, त्याची नाडी कमी धावते. सीटच्या पाठीतली एक पट्टी हे मोजते आणि त्यावरून एक आकडा काढते. त्याला तिनं ‘सोसणी’ म्हटलं. ज्याची सोसणी कमी, त्याच्या झरोक्यातून थंड हवा जास्त. ज्याची जास्त, त्याला कमी. रेषेपार कुणीच जात नाही आणि इंजिनही उकळत नाही.

“आणि कुणाला फारच गरम झालं तर प्रत्येक सीटला बटण दिलंय. दाबलं की थोडी वाढवून मिळते.”

“कोनाच्यातून?”

“म्हणजे?”

“उष्णता संपत नाई म्हन्तेस न व तू. मंग मी बटन दाबलं तं ते कोनाच्या तरी अंगावर जाईन.”

“ज्याला अजून थोडं सोसवेल त्याच्या,” ऋजुता म्हणाली. आईनं कणकेवर ओलं फडकं टाकलं.

चाचणीला गाडीत पुढच्या सीटांवर पुण्याचे लोक होते. ऋजुताचे वरिष्ठ निमकर सर, त्यांची माणसं, परिवहन खात्याचे दोन अधिकारी. मागे गावातली मंडळी, बहुतेक बायाच. कुणी ऋजुताच्या आईसोबत भट्टीवर काम करणाऱ्या, कुणी मेळघाटातल्या, दवाखान्याच्या कामाला खाली उतरून आता घरी परतणाऱ्या. चंद्रकलाबाईंच्या मागच्याच सीटवर सुगरती कासदेकर होती, मांडीवर तापानं मलूल झालेली तिची लेक घेऊन. ऋजुता हातात टॅबलेटचा पडदा घेऊन आईशेजारी बसली. पडद्यावर प्रत्येक सीटचा एक चौकोन होता. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे रेषेजवळ, लाल म्हणजे रेषेपार.

पहिली चढण लागली आणि वाढप्यानं इंजिनाकडे नळ्या वळवल्या. इंजिनाचा काटा जिथल्या तिथे राहिला. निमकर सरांनी मागे वळून अंगठा दाखवला. खरं सांगायचं तर ऋजुताला त्या क्षणी फार बरं वाटलं. दोन वर्षं तिनं या घाटाशिवाय दुसरा विचार केला नव्हता.

मग तिच्या लक्षात आलं की आपल्या अंगावर मस्त गार झुळूक येतेय, आणि शेजारी आईच्या गळ्यावरून घामाच्या धारा लागल्यात.

तिनं आईच्या झरोक्याला हात लावला. कोमट. पडद्यावर पाहिलं तर आईचा चौकोन हिरवागार. सगळ्या मागच्या बायांचे चौकोन हिरवे. सोसणीचे आकडे असे की पुण्याच्या प्रयोगशाळेत तिनं कधी पाहिले नव्हते. पुढे मात्र बटणं दाबली जात होती. एका अधिकाऱ्यानं तर बटणावरून बोट काढलंच नव्हतं. मागून एकानंही दाबलं नव्हतं.

“आई, दाब ना बटण.”

“राहू दे. मले काय होते.”

“तुम्ही कुणीच कसं दाबत नाही?”

आई जरा ओशाळली. “मी स्टँडवर सांगतलं सगळ्यायले. का बापा, आपन दाबलं का दुसरीच्या अंगावर जाते. मंग कोन दाबते?”

पंगतीत या बाया कशा बसतात, ऋजुताला काय माहीत नव्हतं? वाढपी समोर आला की पानावर हात आडवा. पोट भरलेलं असो नसो, आधी ‘पुरे’. पण वाढप्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. न दाबलेलं बटण म्हणजे सोसतंय, असंच त्याला शिकवलेलं होतं, आणि ते ऋजुतानंच शिकवलं होतं. दर वळणाला मागच्या बायांची सोसणी वर सरकत होती आणि झरोके आणखी कोमट होत होते. शिवाय शरीराचा धर्मच असा की रोज थोडं तापवलं की ते आणखी सोसायला शिकतं. आज कमी मिळालं की उद्या जास्त सोसवणार, आणि उद्या जास्त सोसवलं की परवा आणखी कमी मिळणार. पुढे बसणाऱ्याचं नेमकं उलट. यात बिघाड असता तर तिनं रात्रीत दुरुस्त केला असता. बिघाड कुठेच नव्हता.

तिनं हात लांब करून आईचं बटण स्वतःच दाबलं.

झरोका सुस्कारला आणि गार हवा आली. आईचे केस हलले. त्याच क्षणी पडद्यावर मागच्या सीटची हवा उतरली. सुगरतीची. ऋजुतानं वळून पाहिलं. सुगरतीनं पदराचं टोक घेऊन लेकीला वारा घालायला सुरुवात केली होती. लेकीची वेगळी सीट नव्हती, म्हणून तिचा चौकोनही नव्हता.

चंद्रकलाबाईंनी बटण पुन्हा दाबून बंद केलं.

“आई, अगं…”

“तिच्यासाठी दाबाले तिची पोर इंजिनेर नाई न व,” आई हळूच म्हणाली.

ऋजुतानं मग स्वतःचा झरोका बंद केला. पुण्यात राहून तिची सोसणी अगदी तळाला गेलेली. तिचा चौकोन लगेच पिवळा झाला आणि वाढप्यानं झरोका आपोआप उघडला. तिला धोक्यात घालायची त्याला परवानगी नव्हती.

ती उठली आणि उरलेला घाट सुगरतीशेजारच्या रिकाम्या सीटवर बसून राहिली. पोरीला तिनं आपल्या मांडीवर घेतलं, म्हणजे निदान आपल्या वाट्याची हवा तिला लागेल. या हवेसाठी कुणाच्या तरी झरोक्यातली कमी झाली असणार, हे तिला ठाऊक होतं. पडद्याकडे तिनं पाहिलं नाही.

चिखलदऱ्याच्या थांब्यावर गाडी पोचली. उकळी नाही, लाल चौकोन नाही. निमकर सर खूश होते. “तायडे, कमाल केलीस. कर सही.”

“सर, सोसणीची वाटणी बरोबर नाही. सगळ्यांना सारखं द्यायला हवं.”

“सारखं दिलं की गेल्या वर्षीचं होतं. आकडे तुझेच आहेत.” ते चिडले नव्हते, समजावतच होते. “एक तर ही गाडी, नाहीतर कुठलीच नाही. मागच्यांनाच विचार, त्यांना कुठली हवी.”

विचारायची गरज नव्हती. भिजलेल्या लुगड्यांनी एकेक बाई खाली उतरत होती, आणि जाता जाता प्रत्येक जणी, दुपारची गाडी सोमवारपासून नक्की ना, एवढंच विचारत होती. ऋजुतानं सही केली. ती सही किती सहज झाली, याचं तिला पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं.

सगळ्यांत शेवटी सुगरती उतरली. लेकीला खांद्यावर टाकून ती ऋजुतापाशी आली.

“बाई, गाडी लय चांगली केली तुमी. आता बंद नोका करू.”

बोलता बोलता तिनं ऋजुताचा हात हातात घेतला आणि चमकली.

“किती थंड हाये हो तुमचा हात.”

तिनं तो तळवा उचलून लेकीच्या तापलेल्या कपाळावर ठेवला. पोरीनं डोळे मिटले. ऋजुता उन्हात तशीच उभी राहिली, हात गरम होईपर्यंत.