उलांडीवरचं वजन

आईनं मला मिस्त्रींच्या शेडवर पाठवलं ते दादाचं ड्रिल मशीन आणायला. शुक्रवार होता, रात्रीचे सव्वानऊ. दादा खाडीत बुडाला त्याला बावीस दिवस झाले होते आणि आई त्याची एकेक वस्तू घरात गोळा करत होती.

शेडमागून वळलो आणि पाय थांबले. होडी तिथे होती. ताडपत्रीखाली झाकलेली, पण उलांडी बाहेर दिसत होती. होडी अरुंद असली की तिच्या एका अंगाला, दोन आडव्या दांड्यांच्या टोकांना एक ओंडका बांधतात, म्हणजे ती कलंडत नाही. तीच उलांडी. दादानं ओंडक्याऐवजी प्लायची पोकळ पेटी केली होती, वजन कमी व्हावं म्हणून. सात महिने तो आणि मिस्त्री या होडीसाठी खपले. ती खाडीपलीकडच्या वाळूत पडून आहे असं सगळेच सांगत होते. मग इथे कशी?

माझ्या मनात पहिल्या दिवसापासून पाल चुकचुकत होती. दादा एकटाच होडी घेऊन गेला, असं मिस्त्रींनी सांगितलं होतं. ते म्हणे त्या गुरुवारी घरीच झोपून होते. पण ती होडी एकट्याला वाळूवरून पाण्यात लोटता येत नाही. मी करून पाहिलंय, दोन दिवस कंबर धरली होती.

आत तिघे बसले होते. मिस्त्री, त्यांचा जावई, आणि दादाचा दोस्त, ज्यानं आमचं शीड शिवलं तो शिंपी.

"होडी कोणी आणली?" मी दारातूनच विचारलं. ड्रिल मशीन राहिलं बाजूला.

मिस्त्री रंध्याचं पातं पुसत होते. "बस, धाकट्या. माझ्या ओळखीच्या एका माणसानं आणली. त्याला काय अनुभव आला ते ऐक, मग काय बोलायचं ते बोल."

"भुताचं काही असेल तर मी निघतो," शिंपी म्हणाला. "मला अंधारात सायकल हाकायची आहे."

"जा की. तुला कोणी बांधून ठेवलंय?"

शिंपी गेला नाही. जावयानं मात्र उठून दाराला कडी लावली. बाहेर वारा नव्हता. कडी कशाला, मला कळलं नाही.

"मंगळवारची रात्र," मिस्त्री सांगू लागले. "भरती बारा चाळीसला होती. तो माणूस पुलावरून चालत पलीकडे गेला. बॅटरी, एक वल्हं आणि खिशात उलांडीचं बूच. पोकळ पेटीत पाणी झिरपतंच. काठावर आलं की बूच काढून ते वाहू द्यायचं, निघताना परत ठोकायचं. त्यानं पाणी काढलं, बूच ठोकलं."

"बूच त्याच्या खिशात कसं?" मी विचारलं.

"मध्ये बोलू नको. भरतीनं होडी वाळूवरून उचलली, लोटावी लागली नाही. त्यानं शीड चढवलं आणि निघाला. वारा उलांडीच्या अंगानं येत होता. अशा वेळी झोत आला की उलांडी पाण्यातून वर उठते. दोघं असले तर एक जण दांडीवर सरकतो, वजनानं तिला खाली दाबतो. हा एकटा. वल्हं सोडलं तर होडी फिरणार."

"दांडीवर दादा बसायचा," मी म्हणालो.

मिस्त्रींनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"अर्ध्या खाडीत पहिला झोत आला. उलांडी उठली. वीतभर. हातभर. तो म्हणाला, संपलं... आणि ती खाली बसली. आपटली नाही. बसली. झोत तर चालूच होता."

शिंप्यानं सायकलची किल्ली खिशात टाकली.

"दांडी करकरली. माणूस सरकल्यावर करकरते तशी. दुसरा झोत... पुन्हा तेच. मग वारा पडला. आता तिनं गप्प राहायला हवं. ती करकरत राहिली. आतल्या अंगाला. एकेक वीत... जवळ."

"त्यानं बॅटरी लावली असेल ना?" शिंप्यानं विचारलं.

"नाही."

"का?"

मिस्त्री पुन्हा पातं पुसू लागले.

"मग आवाज आला. ओरडून नाही. रोज निघताना विचारायचा, तसा... बूच लावलं ना?"



"आणि त्या गुरुवारी?" मी म्हणालो. "तेव्हाही दादानं विचारलं असेल. काय उत्तर मिळालं त्याला?"

"लावलं, असं."

"आणि?"

"त्या माणसाला वाटलं होतं, लावलंय. होडी लोटून झाली होती. वारा छान होता, पोरगं खुशीत होतं. घरी जाऊन खिशात हात घातला, तेव्हा..."

मी मिस्त्रींची कॉलर धरली. जावई मध्ये पडला. मिस्त्रींनी हातसुद्धा वर केला नाही.

"मार," ते म्हणाले. "पण आधी बाहेर चल."

"मंगळवारी काय म्हणालात त्याला?"

"तेच. लावलं. या वेळी खरं होतं." त्यांनी कडी काढली. "पण तो उतरला नाही."

त्यांनी ताडपत्री ओढली. होडी जमिनीवर ठेवली की उलांडी टेकते, आणि होडीच्या दुसऱ्या बाजूच्या कडेवर एक माणूस रेलला तरी अलगद वर येते. मिस्त्री रेलले. जावई रेलला. शिंपी कडेवर पोट टेकून आडवा झाला. उलांडी हलली नाही. मी बूच काढलं, थेंब आला नाही. ठोकून पाहिलं, पेटी पोकळ वाजली. खाली हात फिरवला, कशातही अडकलेली नव्हती.

"तीन रात्री हेच," मिस्त्री म्हणाले. "माझं ऐकत नाही. तू सांग त्याला. उतर म्हणावं."

तिघे माझ्याकडे बघत होते. बावीस दिवस मला त्या माणसाला जाब विचारायचा होता. तो आता समोर उभा होता, आणि मी उलांडीकडे बघत होतो. उतर म्हटलं आणि दादा उतरला, तर मग कुठे जाणार?

मी दांडीच्या टोकाशी गेलो, आतल्या बाजूला थोडी जागा सोडून बसलो.



मग दांडी करकरली... माझ्या शेजारी. एक वीतभर. कोणी सरकून जागा दिल्यासारखी.